आजी नाही म्हणतात, तर नाही

भाईंदर पश्चिमेला एका वकिलांच्या ऑफिसात मी कारकून होते. कारकून म्हणायचं, पण माझं बरंचसं काम बाहेरचं. नोटिसा पोचवायच्या. नोटीस पोस्टाने जाते, हल्ली व्हॉट्सअपवरही टाकतात. पण आमच्या साहेबांचा भरवसा हातोहात देण्यावर. आणि त्यासाठी त्यांनी मुद्दाम बाई ठेवली होती. पुरुषाने बेल वाजवली की लोक आतून विचारतात, "कोण पाहिजे?" बाई दिसली की पोलिओवाली, नाहीतर भिशीवाली समजून दार उघडतात. मग मी पर्समधून लिफाफा काढायचे आणि समोरचा चेहरा बदलायचा.

माणसं काय काय करतात ते मी पाहिलंय. एका गृहस्थाने सांगितलं, "ते गावाला गेलेत, मी त्यांचा भाऊ." मी बरं म्हणून जिन्यापर्यंत गेले आणि नोटिशीवरच्या नावाने हाक मारली, तर "ओ" दिली! एका निवृत्त मास्तरांनी नोटीस शेवटपर्यंत वाचली, लाल पेनाने शुद्धलेखन तपासलं आणि परत माझ्या हातात दिली. पोच म्हणून सही मागितली तर म्हणाले, "आधी ऱ्हस्व-दीर्घ नीट करून आणा." एका दुकानदाराने सहीच्या जागी 'श्री गणेशाय नमः' लिहून दिलं. ती पोच साहेबांनी बरेच दिवस काचेखाली ठेवली होती.

अशा कामात माणूस संशयी होतो. मी तर जरा जास्तच झाले. घरी भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी मी जुडी सोडून बघायचे. पण ज्या एका प्रकरणात माझा संशय एकामागून एक सगळ्यांवर जाऊन आला, ते सांगते.

आमच्या मीरा-भाईंदरला हप्त्यावर घर घेण्याची एक रीत आहे. ज्याला पगाराची स्लिप नाही, ज्याचा धंदा बहुतेक रोखीचा, त्याला बँक दारात उभं करत नाही. मग घरमालकच म्हणतो, अर्धे आता दे, राहायला ये, उरलेले महिन्याच्या महिन्याला मला दे. सगळे फिटले की रजिस्ट्रारकडे जाऊन घर तुझ्या नावावर. तोवर घर मालकाच्याच नावावर. आणि करारात एक कलम असतं: लागोपाठ तीन हप्ते चुकले तर मालकाने नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचं, तरीही पैसे आले नाहीत तर करार रद्द. म्हणजे घेणाऱ्याने जन्माची पुंजी ओतलेलं घर त्या एका कागदाने हलायला लागतं. असला कागद नेताना माझा हात जड व्हायचा.

एके सकाळी हरेश नावाचा माणूस आईला घेऊन ऑफिसात आला. जवळच्याच मोरवा गावचा. चाळिशीचा, अंगाने भरलेला, हातात दोन मोबाइल. आई हिराबाय, सत्तरी ओलांडलेली, नऊवारी, काखेत कापडी पिशवी. त्यांची जमीन बिल्डरने घेतली तेव्हा बदल्यात पूनम सागरजवळ एक फ्लॅट मिळाला होता. नवरा वारल्यावर तो हिराबायच्या नावावर झाला, आणि तो त्यांनी महेश नावाच्या माणसाला हप्त्यावर विकला होता.

"मॅडम, क्लिअर केस आहे," हरेश म्हणाला. "इतकी वर्षं बरोबर देत होता. आता चार महिने झाले, खात्यात एक रुपया नाही. आईचं पासबुक माझ्याकडेच असतं. विचारलं तर हसतो नुसता. नोटीस काढा."

"किती हप्ते राहिलेत?" साहेबांनी विचारलं.

"संपतच आले होते."

माझे कान तिथेच टवकारले. वर्षानुवर्षं भरणारा माणूस शेवटाला येऊन कशाला थांबेल? आणि त्या भागातले भाव आता कुठे गेलेत हे काय मला माहीत नव्हतं! मग हरेशने पत्ता दिला तो महेशच्या जुन्या चाळीतल्या खोलीचा.

मी म्हटलं, "अहो, तो तर तुमच्याच फ्लॅटमध्ये राहतो ना?"

"करारावर हाच पत्ता आहे. कायद्याने इथेच पाठवायची ना?"

ही युक्ती मला पाठ होती. जुन्या पत्त्यावर पाठवायची, लिफाफा 'सोडून गेले' म्हणून परत येतो, घेणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि दिवस भरतात. साहेबांनाही कळलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "दोन्ही पत्त्यांवर जाईल. आणि हातानेही जाईल."

हरेश बाहेर जाऊन फोनवर बोलायला लागला. दार अर्धं उघडं होतं. "हां भाई, पार्टी को रोक के रख. पंद्रह-बीस दिन का मामला है."

म्हणजे गिऱ्हाईकसुद्धा तयार! माझ्या मनात हरेशचा निकाल लागला.

हिराबाय तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, "बाय, या कागदानं घर लगेच जातं काय?"

"लगेच नाही. पंधरा दिवस असतात."

"पैसं भरलं तर ऱ्हातं ना?"

"राहतं."

त्यांनी अंगठा उठवला. मला वाटलं, म्हातारीला घर परत मिळण्याची घाई आहे.

दुसऱ्या दिवशी मी पूनम सागरला गेले. दार महेशच्या बायकोने उघडलं. स्वाती तिचं नाव. रायगडकडची, म्हसळ्याची, बोलण्यावरून कळलंच, माझं माहेर रत्नागिरीचं. तिने आधी पाणी दिलं, मग काम विचारलं. घर म्हणजे कसं ठेवलेलं! भिंतीला नवा रंग, ओट्यावर नवा कडाप्पा, गॅलरीत ओव्याची कुंडी. मी सांगितलं, चार हप्ते थकलेत.

ती हसलीच. "काहीतरी चुकलंय मावशी. हप्ता तर दर महिन्याला जातोय. पाच तारखेला मी स्वतः यांच्या हातात पाकीट देते. पहिले बँकेत भरायचे, आता म्हणतात आजींना रोख पाहिजेत."

"आजी म्हणतायत मिळाले नाहीत."

तिचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. "मग ते पाकीट जातंय कुठे?"

मला वाटलं, आपण बोललो नसतो तर बरं. पण न बोलून कसं चालणार? तेच माझं काम होतं. जिना उतरताना हरेश माझ्या डोक्यातून निघून गेला आणि महेश येऊन बसला. मोबाइलवरचा जुगार, दारू, बाई. बायकोच्या हातचं पाकीट घेऊन पुरुष ज्या ज्या ठिकाणी जातात ती सगळी ठिकाणं मी पाहिलेली होती.

महेशचा हाटकेशला गाळा होता. मिठाईचे पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचा. दिवाळी जवळ आलेली, त्यामुळे छतापर्यंत लाल-सोनेरी बॉक्स रचलेले, खळीचा वास, एक मशीन खटखट चाललेलं. महेश स्वतः जमिनीवर बसून बॉक्सांना घड्या घालत होता. बारीक अंगाचा, शांत. मी नोटीस दिली. त्याने मशीन बंद करायला लावलं, हात पुसले, उभ्यानेच सगळी वाचली आणि विचारलं, "सही कुठे करू, मावशी?"

मी चमकले. घर जाण्याचा कागद हातात पडला की माणूस ओरडतो, देवाची शपथ घेतो, वकिलाला शिव्या देतो. खरा असो की खोटा, आवाज करतोच. हा सही कुठे करू विचारत होता.

"तुम्ही हप्ते दिलेत की नाही?"

"आजी काय म्हणतात?"

"नाही म्हणतात."

त्याने सही केली. तारीख घातली. पेन मला परत दिलं. "आजी नाही म्हणतात, तर नाही."

"अहो, पण तुमची बायको म्हणतेय पाकीट..."

"तिच्याकडे गेला होतात?" पहिल्यांदाच त्याचा चेहरा हलला. मग खाली बसून तो परत घड्या घालायला लागला. पण हाताखालचा बॉक्स त्याने उलटा दुमडला होता, सोनेरी बाजू आत.

पुढचे दिवस हरेशचा फोन रोज. "उत्तर आलं? पैसे भरले? किती दिवस राहिले?" मला त्याचा आवाज ऐकला की राग यायचा, पण आता तोच खरा ठरणार असं दिसत होतं. महेशचं उत्तरही नाही, वकीलही नाही.

मग एका दुपारी स्वाती ऑफिसात आली. साहेब कोर्टात होते. खुर्चीवर बसली, ओढणीचा पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "मावशी, तुम्ही इतकी माणसं बघितलीत. खरं सांगा. बाई आहे का दुसरी?"

"असं का वाटतं?"

"त्यांच्या मोबाइलमध्ये एक नंबर आहे. सुरेखा म्हणून. दर महिन्याला पाच-सहा तारखेला फोन असतो. मी लावला तर बाईनेच उचलला. मागे लहान मूल रडत होतं. मी काही न बोलता ठेवला." तिने पदर सोडून परत घट्ट गुंडाळला. "भांडले, रडले. म्हणतात, तू समजतेस तसं काही नाही, पण सांगता येत नाही. अन्न गोड लागत नाही मला. घर जातंय त्याचं एक, आणि हे एक."

खरं तर मी आमच्या अशिलाची माणूस. समोरच्या पक्षाच्या बायकोला चहा पाजणंसुद्धा शोभत नाही. पण सुरेखा हे नाव मी कुठेतरी ऐकलं होतं, आणि ते कुठे ते ती गेल्यावर आठवलं. अंगठा घेताना हिराबायला मी सहज विचारलं होतं, मुलं किती? "दोन पोरगं," त्या म्हणाल्या होत्या, आणि मग अगदी तोंडातल्या तोंडात, "आनि सुरेखा." फोन संपवून आत आलेल्या हरेशने लगेच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं होतं.

एका कागदावर अंगठा राहिलाय, असं निमित्त काढून मी मोरव्याला गेले. हरेश घरी नसेल अशी वेळ धरून. हिराबाय ओट्यावर बसून सुका जवळा निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि मीही निवडायला लागले. माणूस हाताने काम करत असला की तोंडाने खरं बोलतो, असा माझा अनुभव.

"आजी, सुरेखा कुठे असते?"

हात थांबला. त्यांनी आधी घराच्या दाराकडे पाहिलं, मग गल्लीकडे. "तुला कोनी सांगितलं? म्हेशानं?"

"महेशने काहीच सांगितलं नाही. म्हणून तर त्याचं घर जाणार आहे."

"जाणार क्याला? पैसं दिलंय त्यानं!"

मग एकेक बाहेर आलं. सुरेखाने दुसऱ्या जातीच्या रिक्षावाल्याशी लग्न केलं. भावांनी तिला मेली म्हणून सांगितलं आणि आईला शपथ घातली. सुरेखा भाईंदर पूर्वेला एका खोलीत राहायची. पावसाळ्याआधी तिच्या नवऱ्याची रिक्षा उलटली, पायात सळई घातली, तो खाटेला खिळला. लहान पोर पदरात. हे हिराबायला कळलं मासळीबाजारात, एका ओळखीच्या बाईकडून. पासबुक हरेशकडे. हातात एक नोट नाही. तेव्हा त्यांनी महेशला गाठलं. हप्ता माझ्या खात्यात टाकू नको, सुरेखाला नेऊन दे, तुझ्या बायकोलासुद्धा सांगू नको. बायकांच्या तोंडातून गोष्ट मोरव्यात येईल आणि पोरं सुरेखाला जगू देणार नाहीत.

"मंग तो म्हनला, आजी, तुमचं पैसं, तुमी सांगाल तिथं दीन."

"आणि तुम्ही नोटिशीवर अंगठा दिलात?"

"तूच बोललीस ना, पंधरा दिस असतात? मना वाटला, पंधरा दिसांत पोराच्या पाया पडंन, कायतरी सांगंन." त्यांनी जवळ्यातला एक खडा काढून दूर फेकला. "रोज सकाळी सांगायचं ठरवतंय. रोज त्याचा तोंड बगितला का जीभ वळत न्हाय."

"आजी, घर तुमच्या नावावर आहे. पैसे तुमचे आहेत. कुणाला द्यायचे ते तुम्ही ठरवायचं."

"बाय, माज्या नावावर हाय. माज्या हातात न्हाय."

मी ऑफिसात येऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी फाइल काढून पुढ्यात ठेवली. मग म्हणाले, "कुंदाताई, वकीलपत्रावर अंगठा कोणाचा आहे?"

"हिराबायचा."

"मग आपली अशील ती. हरेश नाही. सगळ्यांना बोलवा."

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सगळे आमच्या त्या एवढ्याशा केबिनमध्ये बसले. हरेश आधीच म्हणाला, "साहेब, बोलायचं काय आहे? पैसे नाहीत, करार खल्लास. त्याचे भरलेले पैसे नियमाने परत देऊ." मला सांगायला हवं, त्याला पूर्ण लबाड म्हणता येणार नाही. त्याच्या हिशेबी पैसे खरंच आले नव्हते. भाव वाढले म्हणून त्याला ते न आल्याचं वाईट वाटत नव्हतं, एवढंच. महेश भिंतीला टेकून उभा. स्वाती त्याच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकी लांब.

साहेबांनी हिराबायला विचारलं, "आजी, महेशकडून चार महिन्यांचे पैसे तुम्हाला मिळाले का?"

"नाही मिळाले," हरेश म्हणाला.

"मी आजींना विचारतोय."

हिराबाय पदर सारखा करत राहिल्या. मला वाटलं, आता ही 'न्हाय' म्हणणार आणि आपण काही करू शकणार नाही. मी महेशकडे पाहिलं. तो अजूनही गप्प. त्याने तेव्हा तोंड उघडलं असतं तर कोण त्याला दोष देणार होतं?

तेवढ्यात स्वाती उठली. ती सरळ हिराबायसमोर जाऊन उभी राहिली. "आजी, ही सुरेखा कोण आहे? मला एवढंच सांगा. घराचं नंतर बघू."

हिराबायने वर पाहिलं. त्या पोरीचे सुजलेले डोळे त्यांनी पाहिले आणि बहुधा तेव्हा त्यांना कळलं, आपलं गुपित कुणाच्या घरात काय करून बसलंय.

"माजी पोरगी हाय," त्या म्हणाल्या. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुज्या नवऱ्यानं माज्या पोरीला पैसं नेऊन दिलं. मीच सांगितलं. तिला मिळालं म्हंजे मनाच मिळालं. लिवा वकील, पैसं मिळालं."

हरेश ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. "तिला? आई, तिला? अख्ख्या गावात आमची मान खाली घातली तिने, आणि तू माझ्या पाठीमागे..."

"तुज्या म्होरं देऊ देतास?"

त्याने टेबलावरचे दोन्ही मोबाइल उचलले. तो बाहेर निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ वाजली.

नोटीस मागे घेतल्याचं पत्र साहेबांनी त्याच बैठकीत तयार केलं. चारही हप्ते मिळाल्याची पावती हिराबायने अंगठा लावून दिली. सगळे उठायला लागले तेव्हा मी महेशला न राहवून विचारलं, "तुम्ही का नाही बोललात? घर गेलं असतं ना."

तो म्हणाला, "मावशी, बँकेने तीनदा परत पाठवलं होतं मला. हरेशभाऊसुद्धा नको म्हणत होते. या आजींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, हा बुडवणार न्हाय. कागद नाही मागितले, काही नाही. मग मी त्यांचा शब्द कसा बुडवू?"

वर्षभरात उरलेले हप्ते फिटले. साहेबांनी सगळे हिराबायच्या नव्या खात्यात भरायला लावले. पासबुक त्यांच्याच पिशवीत. घर नावावर करायला रजिस्ट्रारकडे गेलो तेव्हा मीही बरोबर होते. साक्षीदार म्हणून सुरेखा आली. नवरा काठी टेकत बाहेर बसलेला. आईने कॅमेऱ्यासमोर अंगठा उठवला आणि पोरीने खाली सही केली. दोघी एकमेकींशी फारसं बोलल्या नाहीत. सुरेखाने फक्त आईच्या बोटाची शाई आपल्या ओढणीने पुसली.

हरेश आला होता. आत आला नाही. गेटपाशी मोटरसायकलवर बसून राहिला. आम्ही बाहेर पडल्यावर गाडी सुरू करून म्हणाला, "आई, चल. बस."

हिराबाय म्हणाल्या, "तू हो म्होरं. मी हिच्या घरचा च्या पिऊन येतंय."

तो थोडा वेळ तसाच इंजिन चालू ठेवून बसला, मग गेला. मला धाकधूक होती, संध्याकाळी तो दार उघडेल का. उघडलं त्याने. आईला बाहेर काढलं नाही. महिन्यातले चार दिवस ती पोरीकडे राहते हेही त्याने चालवून घेतलं. पण सुरेखाला मोरव्यात अजून पाऊल टाकता आलेलं नाही.

त्या दिवशी सगळे गेल्यावर गेटपाशी महेश, स्वाती आणि मी उरलो. महेशने पेढ्यांचा बॉक्स उघडून माझ्यासमोर धरला, त्याच्याच गाळ्यातला. तो रिक्षा बघायला पुढे गेला तेव्हा स्वाती हळूच म्हणाली, "आजींचा शब्द पाळला त्यांनी. चांगलंच केलं. सगळे हेच म्हणतात."

"मग?"

"मी पाच तारखेला पाकीट हातात देत होते, मावशी. चार महिने. त्यांना आजींच्या भरवशावर घर टाकता आलं, माझ्या भरवशावर एक गोष्ट टाकता आली नाही."

रिक्षा आली. महेश कागदांची फाइल छातीशी धरून उभा होता. स्वातीने ती त्याच्या हातातून घेतली, आपल्या पिशवीत तळाशी ठेवली, चेन ओढली आणि आधी आत जाऊन बसली. मग सरकून त्याला जागा करून दिली.